सगळ्यात महाग तेल

एका परिचितांच्या साठच्या दशकातल्या एमजीबी या ब्रिटिश गाडीच्या इंजिनातून बारीकशी टक्-टक् येऊ लागली होती. आवाज मोठा नव्हता. बॉनेट बंद असते तर आत बसलेल्या माणसाला तो जाणवलाही नसता. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घेऊन व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरखालची फट पंधरा थाउवर, म्हणजे ०.०१५ इंचावर, आणून बसवली की तो थांबत असे, आणि गाडी थोडी चालली की पुन्हा सुरू होत असे, तोही नेमका त्याच एका व्हॉल्व्हपाशी. फट एकदा वाढली तर ती बसवण्यातली कसर असू शकते. एकाच जागी पुनःपुन्हा वाढत राहिली तर आत काहीतरी झिजते आहे, एवढाच तिचा अर्थ उरतो. एके संध्याकाळी आम्ही रॉकर शाफ्ट उतरवला, पुशरॉड काढून क्रमाने मांडून ठेवले आणि इंजिनाच्या बाजूचे झाकण उघडले. जुने कॉर्कचे गॅस्केट तुकड्यातुकड्यांनी निघाले. या इंजिनात टॅपेट, म्हणजे कॅम आणि पुशरॉड यांच्यामधले भाग, बाजूने बाहेर काढता येतात, ही मोठी सोय आहे. ते एक टॅपेट बोटाने ओढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. तेलाने माखलेले, अजून कोमट, आकाराच्या मानाने जड. फडक्याने पुसून उजेडाकडे धरले तेव्हा त्याच्या तोंडावर, जिथे आरशासारखी सपाट चकाकी हवी होती तिथे, देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले दिसले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी तर सगळ्यात महाग तेल घातले होते हो.”

हे वाक्य त्यानंतर माझ्या मनातून जाईना.

कारण ते खरे होते. गाडीवर त्यांचा जीव होता आणि तिच्यासाठी त्यांनी पैशाकडे पाहिले नव्हते. त्यांनी घातलेले तेल ५डब्ल्यू-३० या पातळ दर्जाचे, पूर्ण सिंथेटिक, आजच्या कडक कसोट्यांना उतरलेले होते, आणि ज्या इंजिनांसाठी ते बनवले आहे त्या इंजिनांत त्याला नावे ठेवायला जागा नाही. तेलाच्या डब्यावर जितकी नवी अक्षरे तितके तेल चांगले, ही समजूत बहुतेक बाबतींत योग्यच असते. जुन्या ब्रिटिश इंजिनाशी मात्र हा हिशेब जुळत नाही, कारण गेल्या काही दशकांत तेल सुधारले ते दुसऱ्याच इंजिनांच्या गरजांकडे पाहून. इंधन वाचावे, धुराड्यातली यंत्रणा टिकावी, तेल बदलण्याचे अंतर वाढावे, यांसाठी तेलात जे घातले गेले त्यातले बरेचसे जुन्या इंजिनाच्या उपयोगाचे नाही. आणि जे काढून घेतले गेले त्यातले काही त्याला नेमके हवे होते.

ते काय, हे समजून घ्यायला त्या टॅपेटपासूनच सुरुवात करावी लागते. एमजीबीतले १७९८ सीसीचे बी-सिरीज इंजिन असो, मॉरिस मायनर आणि मिनी यांमधले ए-सिरीज असो किंवा ट्रायम्फची पुशरॉडवाली इंजिने असोत, त्यांत कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडवणारा फिरता दांडा, खाली ब्लॉकमध्ये बसलेला असतो आणि त्याचा प्रत्येक लोब (उंचवटा) टॅपेटच्या तोंडावर घासत जाऊन ते वर उचलतो. आजच्या बऱ्याच इंजिनांत या जागी रोलर असतो, तो लोबवरून गडगडत जातो. जुन्या इंजिनात गडगडणे नाही, सरळ घर्षण आहे. लोब आणि टॅपेट यांचा स्पर्श एका बारीक रेषेएवढाच होतो आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा जोर त्या रेषेवर येतो. बेअरिंगमध्ये क्रँकशाफ्ट जसा तेलाच्या थरावर अधांतरी फिरतो, तसे इथे नेहमी होत नाही. इंजिन संथ फिरत असताना तर तेलाचा थर चिरडला जातो आणि धातूला धातू लागू पाहतो. म्हणूनच टॅपेटचे तोंड आणि लोब असे घडवलेले असतात की वर-खाली होताना टॅपेट स्वतःभोवतीही थोडे थोडे फिरावे आणि झीज एकाच जागी होऊ नये. हे फिरणे एकदा थांबले की त्या टॅपेटचे आणि त्या लोबचे आयुष्य संपत आले असे समजावे. पाणी देऊन कडक केलेला पृष्ठभाग पातळ असतो. तो फुटला की खालचा मऊ धातू भराभर जातो, आणि गेलेल्या धातूचा कीस तेलाबरोबर इंजिनभर फिरतो.

तेलाचा थर जिथे अपुरा पडतो तिथे तेलात विरघळवलेले एक रसायन उपयोगी पडते. त्याचे नाव झिंक डायअल्किलडायथायोफॉस्फेट. जिभेला हे नाव कोणीच लावून घेत नाही, सगळे झेडडीडीपी म्हणतात किंवा नुसते ‘झिंक’. १९४० च्या दशकात ते वापरात आले तेव्हा बेअरिंगचा धातू गंजू नये आणि तेल आंबू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. ते झीजही रोखते हे पुढे लक्षात आले. दाब आणि उष्णता जिथे सर्वांत जास्त, नेमक्या तिथेच ते मोडते आणि धातूवर फॉस्फेटचा एक काचेसारखा थर बसवते. मग घासला जातो तो थर. खालचे पोलाद वाचते आणि थर पुन्हा तयार होत राहतो. टॅपेटवर जी करडी-निळसर झाक कधी कधी दिसते ती मळाची नसून याच थराची असू शकते, आणि ती घासून चकचकीत करण्याचा मोह आवरावा.

पण याच रसायनातला फॉस्फरस धुरावाटे थोडा थोडा बाहेर जातो आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधल्या मौल्यवान धातूंवर बसून त्यांना निकामी करतो. कन्व्हर्टर सक्तीचे झाले आणि ते दीर्घकाळ टिकलेच पाहिजेत असे नियम आले, तसा तेलातला फॉस्फरस उतरवला गेला. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या तेलाच्या एसजे आणि एसएल श्रेणींत पातळ दर्जाच्या तेलांसाठी ०.१० टक्के ही कमाल मर्यादा होती. २००४ मध्ये एसएम श्रेणी आली आणि ती ०.०८ टक्क्यांवर आली. यात कोणाचीही लबाडी नाही. हवा स्वच्छ राहायला हवी आणि रोलर असलेल्या इंजिनांना एवढे झिंक लागतही नाही. एक गोष्ट मात्र फार जणांच्या नजरेतून निसटते: ही मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा इंधन वाचवणाऱ्या दर्जांवर घातलेली आहे, २०डब्ल्यू-५० वर नाही. म्हणजे आज दुकानात मिळणारे साधे, मिनरल (म्हणजे सिंथेटिक नसलेले), जाड २०डब्ल्यू-५० हे शेजारच्या फळीवरच्या महागड्या सिंथेटिकपेक्षा जुन्या कॅमशाफ्टला अधिक झिंक देत असण्याची शक्यता बरीच असते. डबा उचलण्यापूर्वी उत्पादकाचे माहितीपत्रक काढून फॉस्फरसचा आकडा पाहावा. हजार ते बाराशे पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग, म्हणजे ०.१० ते ०.१२ टक्के) आसपासचे तेल रोजच्या वापरातल्या जुन्या इंजिनाला पुरते. त्याहून पुष्कळ जास्त असले म्हणजे पुष्कळ चांगले असेही नाही. झिंकचा अतिरेक झाला तर तो धातूला उलट खाऊ लागतो. म्हणून तयार तेलात वरून झिंकची बाटली ओतण्याच्या सवयीबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. तेल बनवणाऱ्याने डिटर्जंट (मळ साफ करणारे द्रव्य), झिंक आणि बाकीची द्रव्ये यांचा तोल सांभाळून मिश्रण केलेले असते. ही सगळी धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागा मिळवण्यासाठी एकमेकांशी झगडत असतात, आणि त्यात आपण अंदाजाने भर घालणे मला पटत नाही.

आता त्या टॅपेटचे सगळे खापर तेलावर फोडणे न्यायाचे होईल का? नाही. नवा कॅमशाफ्ट बसवला की पहिली वीस-पंचवीस मिनिटे फार महत्त्वाची असतात. लोब आणि टॅपेट यांना खास जाड वंगण लावलेले असावे, इंजिन सुरू होताच त्याला संथ न ठेवता दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवावे, म्हणजे कॅमवर तेल पुरेसे उडते आणि टॅपेट फिरू लागतात. ते न करता इंजिन वारंवार बंद-चालू केले, किंवा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा गरजेपेक्षा कडक घातल्या, किंवा टॅपेटलाच नीट पाणी दिलेले नसले, तर कोणतेही तेल त्याला वाचवू शकत नाही. जुने टॅपेट नव्या कॅमवर चढवले तरी तेच होते. या गाडीत यांतले काय काय घडले होते ते आता त्या खड्ड्यांवरून वाचता येत नाही. पण ज्या कॅमवर आधीच संकट आहे त्याला पातळ आणि कमी झिंकचे तेल देणे म्हणजे त्याचा उरलेला आधारही काढून घेणे, हे मला त्या संध्याकाळी फार स्पष्टपणे दिसले.

माझ्याकडे मॉरिस मायनर आहे, १०९८ सीसीची, आणि तिच्याबरोबर तिचे मूळ हँडबुक आले. त्याच्या बाकीच्या पानांपेक्षा वंगणाच्या तक्त्याचे पान जास्त काळवंडलेले आहे. आधीच्या मालकांच्या अंगठ्यांचे ठसे त्यावर एकावर एक बसले आहेत. तक्त्यात कॅस्ट्रॉल, शेल, एसो, मोबिल यांच्याबरोबर फिल्ट्रेट, स्टर्नोल, डकहॅम्स अशी नावे आहेत, त्यांतली काही आता फक्त जुन्या पत्र्याच्या डब्यांवरच वाचायला मिळतात. पण खरे महत्त्वाचे आहेत ते उभ्या रकान्यांतले आकडे. हवा उबदार असेल तर एसएई (मोटार अभियंत्यांची अमेरिकी संस्था) ३०, थंडी असेल तर २०, कडाक्याची थंडी असेल तर १०डब्ल्यू. म्हणजे त्या काळचा मालक ऋतू पाहून तेल बदलत असे. दाटपणाचे हे आकडे ठरवण्याची एसएईची पद्धत १९११ पासूनची आहे, आणि त्यांचा अर्थ आजही तोच आहे: आकडा जितका मोठा तितके गरम झालेले तेल दाट. १०० अंश सेल्सियसला ३० दर्जाच्या तेलाचा दाटपणा साधारण साडेनऊ ते साडेबारा सेंटिस्टोक (दाटपणाचे माप) आणि ५० दर्जाचा सोळा ते बावीस. ‘डब्ल्यू’ लागलेला आकडा थंडीतला. ५डब्ल्यूची कसोटी उणे ३० अंशांवर घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ वर. तेव्हा जिथे पारा शून्याच्या फारसा खाली जात नाही, किंवा हिवाळ्यात गाडी बाहेर निघतच नाही, तिथे ५डब्ल्यू आणि २०डब्ल्यू यांतला फरक या इंजिनाला जाणवण्याजोगा नाही.

मग सगळ्या जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या नावापुढे आज २०डब्ल्यू-५० कसे येऊन बसले? ते मल्टिग्रेड, म्हणजे थंडीतला आणि उष्णतेतला असे दोन्ही दर्जे सांभाळणाऱ्या, तेलांमुळे आले, आणि मला वाटते, सर्वांत जास्त मिनीमुळे. १९५९ साली तिचे रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी मिनीचे इंजिन आडवे बसवले आणि जागा वाचवण्यासाठी गिअरबॉक्स थेट संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, घातला. एकच तेल कॅमलाही आणि गिअरच्या दातांनाही. मल्टिग्रेड तेल गरम झाल्यावर पातळ पडू नये म्हणून त्यात लांबलचक साखळ्यांचे पॉलिमर घातलेले असतात. थंडीत ते वेटोळे करून बसतात आणि उष्णतेत उलगडून तेलाला दाटपणा देतात. गिअरचे दात याच साखळ्या चिरडून तोडतात. त्या तुटल्या की ५० दर्जाचे तेल काही काळातच ४० आणि मग ३० दर्जाचे होऊन जाते. मिनीसारख्या गाडीत सुरुवातच जाड तेलाने करणे हा त्यावरचा सरळ उपाय होता. डकहॅम्सचे हिरवे २०डब्ल्यू-५० साठच्या दशकात लोकांच्या तोंडी बसले, १९६८ मध्ये कॅस्ट्रॉलचे जीटीएक्स आले, आणि बघता बघता हा दर्जा सगळ्यांचाच झाला. ज्यांच्या गिअरबॉक्सचा इंजिनाशी काहीही संबंध नव्हता, त्यांचासुद्धा.

इथे मी थोडा थांबतो, कारण जुन्या गाड्यांच्या मंडळींत २०डब्ल्यू-५० या आकड्यावर शंका घेणे जवळजवळ अधार्मिक मानले जाते. मायनरच्या हँडबुकाने एसएई ३० सांगितले होते. त्या काळचे मल्टिग्रेड वापरता वापरता पातळ होत जाई, त्यामुळे प्रत्यक्षात इंजिन बराच काळ ३० ते ४० च्या दाटपणावरच चालत होते. आजच्या चांगल्या तेलांतले पॉलिमर पुष्कळ टिकाऊ आहेत. आजचे २०डब्ल्यू-५० पुढच्या बदलापर्यंत ५०च्या जवळपासच राहते. म्हणजे तोच आकडा घातला तरी इंजिनाला पूर्वीपेक्षा दाट तेल मिळते. नुकतेच ओव्हरहॉल झालेले, फटी मापात असलेले पन्नाशीच्या दशकातले इंजिन असेल आणि हवा थंड असेल, तर चांगले एसएई ३० किंवा मिनरल १०डब्ल्यू-४० ही त्याच्या मूळ गरजेला जास्त जवळची निवड आहे, असे माझे मत आहे. साठ-सत्तरच्या दशकातली, बरेच मैल झालेली, उन्हात चालणारी इंजिने आणि सगळ्या मिनी यांच्यासाठी २०डब्ल्यू-५० योग्यच आहे. माझ्या मायनरमध्ये मी तेच घालतो, कारण तिच्या बेअरिंगचे वय मला ठाऊक आहे.

वय ओळखायचे कसे? बहुतेक जण ऑइल प्रेशरच्या काट्याकडे बघतात, आणि तो पाहावाच. एमजीबीत इंजिन गरम झाल्यावर, चालत्या गाडीत दर चौरस इंचाला पन्नास ते ऐंशी पौंड आणि संथ फिरताना दहा ते पंचवीस पौंड, असे त्या गाडीचे पुस्तक सांगते. पण प्रेशर म्हणजे वंगण नव्हे. पंपाने ढकललेल्या तेलाला फटींमधून जाताना जो अडथळा होतो, तेवढेच काटा दाखवतो. तेल जाड केले की काटा वर चढतो आणि मालक सुखावतो, जरी त्याच वेळी थंड इंजिनात रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडून बरेचसे तेल परस्पर संपमध्ये परत जात असले आणि रॉकरपर्यंत ते उशिराच पोहोचत असले तरी. सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा दिवा विझायला किती वेळ लागतो आणि वरचा खडखडाट किती लवकर शांत होतो, याकडे मी काट्याइतकेच लक्ष देतो. लांबचा रस्ता कापून आल्यावर गरम इंजिन संथ फिरत असताना प्रेशर दहाच्या खाली जात असेल, तर बेअरिंगच्या फटी वाढल्या आहेत. तिथे जाड तेल घालून आवाज दाबता येतो, पण झीज भरून येत नाही. आणि काटा पुन्हा वर आलेला पाहून इंजिन उघडण्याचे काम पुढच्या वर्षावर ढकलले जाते.

गळतीचा प्रश्नही तेलाच्या निवडीशी बांधलेला आहे. मायनरच्या ए-सिरीज इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नाही. शाफ्टवर कोरलेल्या उलट्या आट्या फिरता फिरता तेल आत ढकलतात, एवढीच तिथली तटबंदी. इंजिन चालू आहे तोवर ती काम करते. थांबले की उरलेले तेल आपल्या मनाने खाली उतरते. अशा ठिकाणी पातळ तेल जास्त झिरपणार, हे उघड आहे. सिंथेटिक तेल सील खाते असे जे सांगितले जाते ते आजच्या तेलांबाबत खरे मानायचे कारण नाही. पण वर्षानुवर्षांच्या चिकट्यामुळे बंद झालेल्या वाटा स्वच्छ तेलाने मोकळ्या होतात आणि आधीपासून असलेली गळती दिसू लागते, हे मात्र होते. सिंथेटिक वाईट नाही. योग्य दाटपणाचे आणि पुरेशा झिंकचे सिंथेटिक जुन्या इंजिनात चालते. पण ते ज्या गुणासाठी महाग आहे तो गुण म्हणजे फार काळ न बिघडणे, आणि जुन्या गाडीत तेल फार काळ ठेवायचेच नसते. मायनरचे हँडबुक दर तीन हजार मैलांनी बदला म्हणते. वर्षाला तेवढे मैल होत नसतील तर वर्षातून एकदा बदलावे, मैल कितीही कमी असोत.

डिटर्जंटबद्दल मात्र गाडीच्या जन्मसालाकडे बघूनच बोलावे. १९२२ ते १९३९ या काळात बनलेल्या ऑस्टिन सेव्हनसारख्या गाड्यांत प्रेशर नावालाच असते. बारीक छिद्रांतून उडालेली तेलाची धार फिरत्या क्रँकमध्ये झेलली जाते आणि तिथून बिग-एंड बेअरिंगला मिळते. आजच्यासारखा गाळणारा फिल्टर नाही. त्या काळच्या साध्या तेलात मळ तळाशी बसत असे आणि तो तिथेच बसावा अशीच अपेक्षा होती. डिटर्जंटवाले तेल मळाला बसू देत नाही, आपल्यातच तरंगत ठेवते. म्हणून ते लवकर काळे पडते, आणि ते काळे पडणे त्याच्या प्रामाणिकपणाची खूण असते. न उघडलेल्या, आतून वर्षांचा गाळ साठलेल्या युद्धपूर्व इंजिनात असे तेल एकदम ओतले तर सुटलेला गाळ त्या बारीक छिद्रांपाशी जाऊन अडकू शकतो. तिथे डिटर्जंट नसलेले किंवा अगदी थोडे असलेले एसएई ३० बरे. तेच इंजिन उघडून, धुऊन, नव्याने बांधलेले असेल तर मात्र डिटर्जंटला घाबरण्यासारखे काही नाही. युद्धानंतरच्या, पूर्ण प्रवाह गाळणाऱ्या फिल्टरच्या गाड्यांना तर ते हवेच.

तेल बदलण्याचे काम मला स्वतः करायला आवडते, आणि ते आवडण्यात त्याच्या वासाचा मोठा वाटा आहे. इंजिन पुरते गरम करून, ड्रेन प्लगची शेवटची आटी बोटांनी सोडवताना मनगटावरून येणारा तो ऊन, काळा, किंचित पेट्रोल मिसळलेला ओघळ. तो बोटांत चोळून पाहिला की खरखर लागते का ते कळते. प्लगची तांब्याची वॉशर मी दर वेळी नवी घालतो. जुन्या डबीच्या फिल्टरमध्ये खरी परीक्षा असते ती वरच्या खाचेतल्या रबरी कड्याची. ते कडे उष्णतेने कडक होऊन खाचेच्या तळाशी असे चिकटते की तो धातूचाच भाग वाटावा. ते दिसले नाही म्हणून त्याच्यावरच नवे कडे बसवले तर डबी वरवर घट्ट बसते, आणि इंजिन सुरू होताच सगळ्या प्रेशरनिशी तेल बाहेर फेकले जाते. म्हणून टॉर्च लावून, खाली उताणे पडून, टोकदार सुईने ते कडे उचकटून काढावे लागते. तुटत तुटत निघते, आणि शेवटचा तुकडा हाती आला की त्याचे सगळे तुकडे जुळवून वर्तुळ पुरे होते का ते मी पाहतो. फिल्टर नवा आणि कडे जुने असेल तर कोणत्या दर्जाचे तेल घातले याला काही अर्थ राहत नाही.

आणि हेच तेल इंजिनापुरते नसते. मायनरच्या गिअरबॉक्सला तिच्या हँडबुकाप्रमाणे इंजिनाचेच तेल लागते. गिअरबॉक्स म्हणून गिअर ऑइल, असा विचार करून जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल ओतले तर सिंक्रोमेशच्या पितळी-काशाच्या कड्यांना त्यातले गंधक मानवत नाही आणि गिअर पडायलाही त्रास होतो. ज्या जुन्या गाड्यांना गिअर ऑइल लागते त्यांनाही म्हणून जीएल-४ द्यावे. हायपॉइड गिअरच्या मागच्या अ‍ॅक्सलला मात्र त्याचे वेगळे, ९० दर्जाचे ईपी (जबर दाब सोसणारे) तेल. एसयू कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्येही (पिस्टनची हालचाल मंदावणाऱ्या नळकांड्यात) तेल असते, थेंबांत मोजण्याइतके. पितळी टोपी फिरवून वर उचलली की तिच्या दांड्याला लागलेले ते पातळ, सोनेरी तेल दिसते. अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला की आतला पिस्टन उसळी मारून वर जाऊ नये, हे त्याचे काम. पुस्तकाने तिथे २० दर्जाचे तेल सांगितले आहे. ते संपले की गाडी उचल घेताना अडखळते, आणि मालक इग्निशन तपासत बसतो.

एमजीबीत शेवटी नवा कॅमशाफ्ट आणि आठही नवे टॅपेट बसले. संप उतरवून तळाचा गाळ काढला, ऑइल पंप उघडून पाहिला, कारण त्या खड्ड्यांतला धातू कुठेतरी गेला असणारच होता. नव्या कॅमची पहिली मिनिटे झिंक भरपूर असलेल्या ब्रेक-इन तेलावर काढली, ते तेल लगेच बदलले, आणि मग साधे मिनरल २०डब्ल्यू-५० घातले, माहितीपत्रकावरचा फॉस्फरसचा आकडा दोघांनी मिळून वाचून. त्याची किंमत आधीच्या तेलाच्या निम्मीही नव्हती आणि परिचितांना तेच सर्वांत जड जात होते. आपण गाडीला कमी देतो आहोत, असे त्यांना वाटत राहिले. मला त्यांचे मन कळते. आवडत्या वस्तूसाठी स्वस्त गोष्ट निवडायला धीर लागतो. मी त्यांना एवढेच सांगितले, की वाचलेले पैसे लवकर लवकर तेल बदलण्यात घालवा. थंडीसाठी गाडी उभी करायची असेल तर ती उभी करण्याआधी बदला, वसंतात बाहेर काढताना नव्हे. वापरलेल्या तेलातले आम्ल आणि पाणी महिनोन्‌महिने बेअरिंगला लागून राहू देऊ नका. आणि मधूनच पाच मिनिटे इंजिन सुरू करून पाहायची हौस झाली तर ती मोडून काढा, कारण तेवढ्यात तेल कोमट होते, इंजिनात ओल धरते, आणि भरणीच्या झाकणाखाली तो पांढरा लोण्यासारखा थर जमतो. सुरू करायचेच असेल तर तासभर रस्त्यावर चालवून आणा.